ल्यों: आधी बोंजूर, मग बाकीचं

फ्रान्समधल्या ल्योंला जायचं ठरलं ते भाचीमुळं. धाकट्या बहिणीची मुलगी सप्टेंबरात तिथं शिकायला गेली आणि दर रविवारी फोनवर एकच पालुपद: "मावशी, पॅरिस सगळेच बघतात. तू आणि काका इकडं या." शेवटी २०२४ च्या एप्रिलअखेरीला आम्ही दोघं गेलो. पॅरिसला दोन दिवस काढले, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी. इथं ल्योंचे सहा दिवस.

दोन गोष्टी आधीच सांगते, पुढं लागतील. हे एसटीतून निवृत्त झालेत. एकतीस वर्षं नोकरी, सुरुवात कंडक्टर म्हणून, शेवट वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठल्याही गावी गेलो की देवळाआधी ह्यांना तिथला स्टँड बघायचा असतो. आणि माझं माहेर येवल्याचं. लहानपणी झोप लागायची ती मागाच्या आवाजात.

सोमवार, २९ एप्रिल

पॅरिसहून ल्यों साधारण सव्वाचारशे किलोमीटर. तेजेव्हे गाडीनं दोन तासांत पोचवलं. ही वेगवान गाडी १९८१ मध्ये सुरू झाली ती याच मार्गावर. येवला-पुणे एसटीला पाच तास लागतात, हा हिशेब ह्यांनी गाडीत तीनदा केला.

भाची क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर राहते. तिच्या खोलीत तिघं मावणं अशक्य, म्हणून तिनं शेजारच्याच गल्लीत घरमालकीणबाईंच्या ओळखीनं एक खोली मिळवली होती. लिफ्ट नाही, तिसरा मजला, दगडी गोल जिना. दार उघडलं आणि मी वर बघत उभी राहिले. खोली चिंचोळी, पण छत चार मीटर उंच! मध्येच लाकडी माळा काढून त्यावर पलंग टाकलेला. "एवढं उंच कशाला बांधलं असेल?" हे म्हणाले. मला कळलं होतं, पण उद्यापर्यंत बोलले नाही.

अडीच वाजले होते, पोटात कावळे. खाली उतरून चार खाणावळी पाहिल्या. लोक बसलेले दिसत, पण आम्हाला हातानंच नाही म्हणत. दुपारी बारा ते दोन जेवण, मग स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी सातला उघडणार. मोठ्या चौकांत दिवसभर काहीतरी मिळतं, पण गल्लीतल्या खाणावळीत अवेळी गेलात तर कॉफीवर भागवावं लागेल. आम्ही खोलीवर जाऊन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

चारला मी पावाच्या दुकानात गेले. काचेमागं क्रोसाँ दिसत होते. मी स्वच्छ इंग्रजीत, प्लीज लावून, दोन मागितले. बाई म्हणाली, "बोंजूर." तिला ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्यानं मागितले. बाई, तितक्याच शांतपणे: "बोंजूर, मादाम." मी दोन बोटं दाखवली. तेवढ्यात हे मागून आत आले आणि सवयीनं हात जोडून म्हणाले, "राम राम." बाईचा चेहरा उजळला. "बोंजूर, मस्यू!" आणि क्रोसाँ कागदात बांधले गेले. पैसे मी दिले, हसू ह्यांना मिळालं.

रात्री भाची म्हणाली, "मावशी, दुकानात पाऊल टाकलंस की ते त्यांचं घर असतं. कुणाच्या घरात शिरल्या शिरल्या तू साखरेचा भाव विचारतेस का?" मग तिनं आम्हाला शिकवलं. आत शिरताना बोंजूर, संध्याकाळी सहानंतर बोंस्वार. त्यापुढं मादाम किंवा मस्यू लावावं, नुसतं बोंजूर तोकडं वाटतं. बाहेर पडताना मेर्सी, ओ रव्वार, म्हणजे आभार, पुन्हा भेटू. काही विकत घेतलं नसलं तरी. डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात शिरणारा माणूससुद्धा बसलेल्या सगळ्यांना मिळून एक बोंजूर टाकतो. मात्र त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा बोंजूर म्हटलं तर तो गोंधळतो, कारण तुम्ही सकाळची भेट विसरलात असा त्याचा अर्थ होतो.

रस्त्यात कुणाला पत्ता विचारायचा तर आधी बोंजूर, मग "एक्सक्यूझे-म्वा द वू देरांजे", म्हणजे तुम्हाला त्रास देतोय, माफ करा. एवढं फ्रेंचमध्ये म्हणून पुढं इंग्रजीत विचारलं तर बहुतेक जण मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगतात. ह्यांनी ते वाक्य देवनागरीत तिकिटाच्या मागं लिहून घेतलं आणि सहा दिवस वापरलं. अनेकदा रस्ता माहीत असतानाही.

मंगळवार, ३० एप्रिल

सकाळी टेकडीवरच्या बुलेव्हारवर बाजार. सोमवार सोडून रोज सकाळी भरतो, दुपारी एकच्या सुमाराला आवरायला लागतात. शतावरीच्या जुड्या, पानांसकट लाल मुळे, लांबट स्ट्रॉबेऱ्या. मी भाजीला हात घालणार तोच भाचीनं मनगट धरलं. इथं माल गिऱ्हाइकानं चिवडायचा नसतो, विकणारा निवडून देतो. जिथं टोपल्या ठेवल्या असतील तिथंच स्वतः घ्यायचं. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईला हे किती जड जातं ते कुणाला सांगू! पण विक्रेता फसवत नाही. एका बाईनं अॅव्होकॅडो मागितला तर त्यानं विचारलं, आज खाणार की उद्या? आणि खालचं-वरचं दाबून, उद्यासाठीचा निवडून दिला. घासाघीस नाही. मी केली नाही. एकदाच केली.

स्ट्रॉबेरीचा भाव त्यानं सांगितला: "कात्र कात्र-व्हँ-दिस." मी भाचीकडं पाहिलं. चार, चार-वीस-दहा. म्हणजे चार युरो नव्वद. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा! माझी आजी असंच मोजायची. शाळेत न गेलेली, पण चुलीपुढं बसून "तीन विसा आणि पाच गोवऱ्या" असा चोख हिशेब. सत्तर म्हणजे इथं साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस. ह्या आकड्यांना सगळे परदेशी घाबरतात म्हणे. मला आजीचा आवाज ऐकू आला. तरीही सुटे पैसे तळहातावर पसरून पुढं केले, हे कबूल करते.

मग मेझों दे कान्यू नावाचं संग्रहालय. कान्यू म्हणजे ल्योंचे रेशीम विणकर. ह्या टेकडीवर एकोणिसाव्या शतकात घरोघरी माग होते, आणि जॅकार्डचा माग उंच असतो म्हणून घरांना चार मीटरचं छत. आमची खोली म्हणजे एका कोष्ट्याचं घर होतं! ह्यांना आदल्या दिवशी पडलेला प्रश्न मी असा सोडवला.

प्रात्यक्षिक फ्रेंचमध्ये होतं. मागावर बसलेल्या बाई बोलत होत्या, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ताणा कळत होता, फणी कळत होती, धोटा कुठून सुटणार ते आधी कळत होतं. जोझेफ-मारी जॅकार ह्याच शहरातला, जन्म १७५२. त्याच्या यंत्रात भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं एकापाठोपाठ एक फिरतात आणि कुठला धागा उचलायचा ते भोक ठरवतं. त्याआधी मागाशेजारी एक पोर दिवसभर दोऱ्या ओढत असायचं. आमच्याकडं ब्रोकेडच्या पैठणीला जॅकार्ड वापरतात, पण पदरातला मोर अजूनही तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या रिळांनी, धागे मोजत भरतात. बाईंनी मखमलीचा नमुना दाखवला. दिवसभरात काही सेंटीमीटर निघतो म्हणाल्या. कुणीतरी आश्चर्यानं शीळ घातली. मी घातली नाही.

मागाच्या आवाजाला इथं शब्दच आहे, "बिस्तांक्लाक". आमच्या गल्लीत नुसतं "खटक-खटक" म्हणायचे. शेवटी मी मोबाईलवर पैठणीच्या पदराचा फोटो काढून बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि मोराच्या गळ्याजवळ थांबल्या, जिथं दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात. मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्यांच्या मागं पुढच्या गटाची माणसं खोळंबली होती.

१८३१ मध्ये ह्याच विणकरांनी मजुरीचा दर बांधून मागितला, व्यापाऱ्यांनी तो पाळला नाही आणि टेकडी पेटली. "काम करून जगू, नाहीतर लढून मरू" ही त्यांची घोषणा. १८३४ ला पुन्हा. येवल्याच्या किंवा इचलकरंजीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

जवळच विणकरांची भिंत आहे, बाराशे चौरस मीटरचं एकच चित्र. १९८७ ला रंगवली, पुढं दोनदा नव्यानं रंगवली आणि प्रत्येक वेळी चित्रातल्या माणसांचं वय तेवढंच वाढवलं. झाडं मोठी झाली, पोरं मोठी झाली. पायऱ्या खऱ्या समजून हे अगदी जवळ गेले.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी बोलावलं होतं. सत्तरीच्या, ताठ, गळ्यात रेशमी रुमाल. भाचीला दोन्ही गालांना गाल लावून भेटल्या, मला भेटल्या आणि मग ह्यांच्याकडं वळल्या. हे दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकले आणि जोरात नमस्कार केला. बाईंनीही हात जोडले. तिढा सुटला. (पहिल्या भेटीत हात मिळवला तरी चालतो. गालाला गाल आपण पुढाकार घेऊन लावायचा नसतो.)

त्यांच्यात आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' असतं, "त्यू" आणि "वू". अनोळखी, वडीलधारे, दुकानदार, पोलीस, सगळ्यांना वू. भाचीनं आल्या आल्या ह्याच बाईंना त्यू म्हटलं होतं, बाई आठवडाभर तिला वू म्हणत राहिल्या, तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला. मी चहा देताना ह्यांना "अहो, घ्या ना" म्हणाले. बाईंनी भाचीला विचारलं, मावशी काय म्हणाल्या? भाचीनं सांगितलं, वू म्हणाल्या. बाईंच्या भुवया वर. "नवऱ्याला वू? भांडण झालंय का?" हे इतके हसले की चहा सांडला.

बुधवार, १ मे

महाराष्ट्र दिन. भाचीला निबंध सादर करायचा होता, म्हणून आम्ही दोघांनीच जायचं होतं. आदल्या रात्री ह्यांनी मशिनमधून चोवीस तासांची दोन तिकिटं काढून ठेवली होती. सकाळी नऊला मेट्रोवर गेलो तर जाळीचं दार खाली. वाटलं दुरुस्ती असेल, बसथांब्यावर गेलो. वीस मिनिटं थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी एका कुत्रा फिरवणाऱ्या मुलीला ह्यांनी तिकिटामागचं वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आज एक मे. आज काहीच नाही. मेट्रो नाही, ट्राम नाही, बस नाही."

कामगार दिन इथं असा पाळतात. संपूर्ण शहराची वाहतूक दिवसभर बंद! भाचीचा हा तिथला पहिलाच मे, तिला तरी काय माहीत. हे थांब्याच्या बाकावर बसून राहिले. "दिवाळीत पाडव्याला आम्ही डबल ड्युटी केलीये," एवढंच म्हणाले. पण आवाजात राग नव्हता, असूया होती.

चोवीस तासांचं तिकीट पहिल्यांदा शिक्का मारल्यापासून मोजतात, त्यामुळं पैसे वाया गेले नाहीत. तुम्ही मे महिन्यात जाणार असाल तर १ आणि ८ तारखेची सुट्टी ध्यानात ठेवा. त्या दोन दिवसांत वाणसामान मिळेल या भरवशावर राहू नका. एरवीचा रविवारही दुपारनंतर जवळपास तसाच.

चालत निघालो. उतारानं तेरो चौकापर्यंत आलो, तिथं बार्तोल्दीचं घोड्यांचं कारंजं, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घडवणाऱ्याच शिल्पकाराचं. कोपऱ्या-कोपऱ्यावर पोरं बादल्या घेऊन उभी होती, बादलीत पांढऱ्या घंट्यांसारख्या इवल्या फुलांच्या काड्या. म्युगे म्हणतात. एक मेला ही फुलं एकमेकांना द्यायची, आणि त्या दिवशी ती विकायला परवाना लागत नाही म्हणून शाळेतली मुलंही विकतात. काडीला तेरा घंट्या असल्या तर शुभ. ह्यांनी मला एक घेऊन दिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, गजरा मी मागितल्याशिवाय आलेला नाही. मी घंट्या मोजल्या. अकरा.

सोन नदीचा पूल ओलांडून जुन्या ल्योंमध्ये शिरलो. हो, नदीचं नाव सोन. दुसरी रोन. शहर दोघींच्या संगमावर. जुन्या भागात घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाणाऱ्या वाटा आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. सँ-जाँ रस्त्यावरच्या ५४ नंबरच्या दारातून शिरलं की चार-पाच अंगणं ओलांडून थेट मागच्या रस्त्याला निघतो. दार बंद दिसतं, पण शेजारी बटण असतं, ते दाबून ढकलायचं. आत अंधारा बोळ, पत्रपेट्यांवर राहणाऱ्यांची नावं, मग अचानक उजेड: गुलाबी भिंतींचं अंगण, गोल जिन्याचा मनोरा, वर कमानींचे सज्जे. आपल्या जुन्या वाड्यातल्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं.

नेमका तेव्हा ह्यांच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. हे चौकाच्या मधोमध उभे राहून, स्टँडवरच्या आवाजात, "जय महाराष्ट्र! अरे हे बघ, वाडा!" दगडी भिंतींत तो आवाज चार मजले चढला. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक म्हातारे गृहस्थ, अंगात घरचा स्वेटर, ओठांवर बोट. ओरडले नाहीत. फक्त बोट दाखवलं ते भिंतीवरच्या पाटीकडं: इथं लोक राहतात, शांतता राखा. ह्यांनी फोन खिशात घातला, वर बघून "पार्दों, मस्यू" म्हणाले, आणि आठवण झाल्यासारखं "बोंजूर".

आम्ही निघतच होतो तर गृहस्थ जिन्यानं खाली आले, हातात काचेच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी. आता बोलणी खायची असं मी धरून चालले. त्यांनी बोंजूर म्हटलं, पिशवी खाली ठेवली आणि आम्हाला कोपऱ्यातली विहीर दाखवली, जी आम्ही पाहिलीच नव्हती. मग फोनवरच्या भाषांतरातून कळलं: ही खासगी घरं. रहिवाशांचा नगरपालिकेशी करार आहे, लोक वाट दिवसा खुली ठेवतात, त्या बदल्यात पालिका दिवे आणि डागडुजीला हातभार लावते. "माझी नात वर झोपलीये," असं त्यांनी गालाखाली हात ठेवून दाखवलं. कुठून आलात विचारलं. हे म्हणाले, "नासिक." त्यांना बोध झाला नाही. "मुंबई." तो झाला. बाटल्या उचलून ते खिळखिळ करत पुढं गेले. आम्ही पुढची तीन अंगणं चवड्यांवर पार केली.

फुर्व्हियेरच्या टेकडीवर एरवी दोरीनं ओढली जाणारी गाडी जाते. गावचे लोक तिला "फिसेल", म्हणजे सुतळी, म्हणतात. वणीच्या गडावर आता झालीये तशी फ्युनिक्युलर, पण ल्योंमध्ये ह्या प्रकारची पहिली गाडी १८६२ ला आली. आज तीही बंद. पायऱ्यांनी चढलो. एका वळणावर हे म्हणाले, "सप्तशृंगीला निदान लिंबूसरबत मिळतं." वर बॅसिलिका, १८७२ ला बांधायला घेतलेली, चार कोपऱ्यांना चार मनोरे. गावकरी तिला उलटा पडलेला हत्ती म्हणतात. आणि एकदा ते ऐकलं की दुसरं काही दिसत नाही, चार पाय वर करून पडलाय! आत प्रार्थना चालू होती, कॅमेरे खिशात ठेवून मागच्या बाकावर बसलो. बाहेर कठड्यावरून अख्खं शहर, लाल कौलं, दोन नद्या. हवा मोकळी असली तर आल्प्समधलं माँ ब्लाँ शिखर दिसतं. आमच्या नशिबी ढग आणि गार वारा. समोरच्या क्रुआ-रूसला कष्ट करणारी टेकडी म्हणतात आणि हिला प्रार्थना करणारी.

रात्री पाय दुखत होते. भाचीनं गरम पाण्याची बादली दिली, त्यात मीठ.

गुरुवार, २ मे

सगळं सुरू! हे सातलाच तयार. क्रुआ-रूसची मेट्रो दातेरी रुळावर चढते, आणि क्रुआ-पाके स्टेशनचा फलाटच तिरका आहे, उभं राहिलं की एक पाय वर एक खाली. पुढं डी लाईनला चालकच नाही. सगळ्यात पुढच्या डब्यात, काचेला नाक लावून हे उभे, शेजारी सहा वर्षांचा एक मुलगा तसाच. दोघांत तीन स्टेशनं संभाषण चाललं, दोन भाषांत.

इथं प्रवासाचे रिवाज मुकाट्यानं पाळले जातात. दाराजवळच्या घडीच्या खुर्च्या मोकळ्या वेळी वापरायच्या, गर्दी झाली की उठून उभं राहायचं, नाहीतर लोक बघतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं. पाठपिशवी पुढं घ्यायची. बोलायचं हळू. बस येताना दिसली की हात करायचा, पुढच्या दारानं चढायचं, चालकाला बोंजूर म्हणायचं, तिकिटाला शिक्का मारायचा. उतरताना मधल्या दारातूनही लोक "मेर्सी, ओ रव्वार" अशी हाक देतात आणि आरशात बघून चालक हात वर करतो. ह्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, "एकतीस वर्षांत मला किती जण म्हणाले असतील, सांग?" मी सांगितलं नाही.

आणि मग माझा दंड. साधं तिकीट तासभर कुठंही चालतं, आमचं तर चोवीस तासांचं. मेट्रोत शिक्का मारला होता, म्हणून बसमध्ये मी मारलाच नाही, सरळ जाऊन बसले. दोन थांब्यांनी तपासनीस चढले. माझ्या तिकिटाकडं पाहून एकानं नम्रपणे सांगितलं, गाडी बदलली की प्रत्येक वेळी शिक्का मारावा लागतो, चोवीस तासांचं असलं तरी. मी वाद घालायला तोंड उघडलं. तर शेजारून हे, माझे अहो, "बरोबर आहे त्यांचं. नियम म्हणजे नियम." आणि तपासनिसाला म्हणाले, "आय ऑल्सो कंडक्टर." दोघांनी हात मिळवले. दंड मी भरला. रक्कम किरकोळ होती, पण ह्यांनी ती मला अजून विसरू दिलेली नाही.

मोंप्लेझीरला ल्युमिएर बंधूंचा वाडा, आता संग्रहालय. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्याच कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं. ज्या दारातून ते बाहेर पडतात तिथली शेड अजून जपून ठेवलीये, रस्त्याचं नावच "पहिल्या चित्रपटाचा रस्ता". लांब झगे घातलेल्या बायका, एक कुत्रा, सायकलवाला. मिनिटभराचाही खेळ नाही. हीच चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, आणि ते पाहून सावे दादांना, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, कॅमेऱ्याचं वेड लागलं. १८९९ ला त्यांनी हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. काळ्या घोड्याजवळची वॉटसनची ती मोडकळीला आलेली इमारत मी किती वेळा बाहेरून पाहिली असेल! इथं मात्र त्या शेडच्या तुळयांखाली मी बराच वेळ उभी होते. हे बाहेर ट्रॉलीबसच्या तारा बघत होते.

रात्री बुशों, म्हणजे ल्योंची खास खाणावळ. खरं सांगायचं तर शाकाहाऱ्यानं तिथं जाणं म्हणजे उपास असताना लग्नाला जाणं. आतडी, कलेजी, माशांचे गोळे, आणि हिरव्या सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे. पण भाचीनं आधी फोन करून टेबल राखलं होतं आणि अडचण सांगितली होती. आयत्या वेळी सांगण्यापेक्षा हे फार बरं. आम्हाला मिळालं ते असं: मोहरीच्या आंबट रसातल्या अख्ख्या मसूर, सायीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या, आणि "सेर्व्हेल द कान्यू". शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू! ह्यांनी चमचा खाली ठेवला. प्रत्यक्षात चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, लसूण, कोथिंबिरीच्या जागी दुसरी हिरवी पात, तेल, व्हिनेगर. साखर न घातलेला, फोडणी विसरलेला चक्का. पावाबरोबर उत्तम लागला. शेवटी गुलाबी प्रालीनचा टार्ट, रंग बघून वाटलं होळीच्या गाठ्या वितळवल्यात, चवही फार लांब नव्हती.

पाणी मागताना "ऊन कराफ दो" म्हणा. नळाचं पाणी काचेच्या सुरईत फुकट येतं, नुसतं वॉटर म्हटलं तर बाटली येईल आणि बिलात दिसेल. पाव ताटात ठेवायचा नसतो, सरळ टेबलावर. वेटरला टिचकी वाजवून बोलवू नका, नजर भेटण्याची वाट बघा. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही, आम्ही साडेदहापर्यंत बसून राहिलो. समोर बिल आणून ठेवणं म्हणजे "उठा आता" असं सांगणं, तो पाहुण्याचा अपमान. "लादिस्यों, सिल वू प्ले" म्हटलं की येतं. टिप बिलातच धरलेली असते, वर सुटे दोन नाणी ठेवली तरी खूप.

शुक्रवार, ३ मे

दिवसभर पाऊस. तेत दॉर बागेत जायचं होतं, गेलो, छत्र्या उलट्या झाल्या, जिराफ पाहिला, परतलो. दुपारी भाचीच्या खोलीवर पिठलं-भात. घरमालकीणबाई ठेच्याला नुसतं बोट लावून, डोळे पुसत, दुसऱ्यांदा बोट लावत होत्या.

शनिवार, ४ मे

सकाळची गाडी. स्टेशनपर्यंत बसनं गेलो. चढताना बोंजूर, मी शिक्का दोनदा तपासला. पार-द्यू स्टेशनला भाची बॅगा उतरवत होती, हे शेवटी उतरले. मागं वळून चालकाला खणखणीत "मेर्सी, ओ रव्वार" म्हणाले, दार मिटलं, आणि ह्यांचा हात आपसूक वर गेला. बसच्या अंगावर दोन थापा. डबल बेल.

चालकानं आरशात पाहिलं, क्षणभर थांबला, आणि गाडी सोडली.